मॅडमनं आणून दिलेला कान

मॅडम तळहातावर लिहायची. जवळ वही व्हती, गळ्यात मोबाईल व्हता, पण मनात काही आलं की पेनाचं टोपण दातात धरायची आन् डाव्या तळहातावर लिहायची. सांजपस्तोर हात निळा. तशाच हातानं माह्या घरची भाकर खायची. मी म्हणायची, "मॅडम, शाई पोटात जाती की हो."

"जाऊ द्या मावशी, आतून हुशार होईन."

आन् आपल्याच बोलण्यावर आपणच हसायची. दुसरं कुणी हसलं न्हाई तरी तिला फिकीर नसायची.

आमी राणीसावरगावच्या अंगच्या माळावर राहतो. मेंढरं आमची बापजाद्याची. मॅडम परभणीहून यायची, जनावराच्या कॉलेजातून. डॉक्टरीण व्हती, पण सुई टोचून औषिद देणारी न्हाई, सुई टोचून रगत नेणारी. पयल्यांदा आली ती टिकलीसाठी.

टिकली माही मेंढी. कपाळाला पांढरा ठिपका म्हणून टिकली. आमच्याकडच्या मेंढीला एकच कोकरू व्हतं. दोन झाली तर शेजारपाजारचे बघायला येतात. टिकलीला हमेशा दोन. तिच्या मायला बी दोन, आजीला बी दोन. हे कूळ माह्या मायच्या घरचं. मायनं मला आंदणात दिलं, मायला तिच्या मायनं. आमच्यात जुळ्याची मेंढी इकत न्हाईत. लेक सासरी निघाली की तिच्या संगं जाती, दुसरीकडं कुठंच न्हाई.

हे कुणीतरी मॅडमच्या कानावर घातलं. आली, जीपमधून उतरली, चप्पल वाडग्याच्या बाहेर काढली. हे मला लय आवडलं. मेंढराच्या वाडग्यात लेंड्याच असतात, पण आमचं दैवत बी तिथंच असतं. सांगितल्याबिगर चप्पल काढणारी शहरातली बाई मी पयल्यांदा बघितली.

"मावशी, दरवेळी दोनच?"

"दरवेळी."

"पुरावा?"

मी नुसती बघू लाले. मग तिनं फोड करून सांगितलं, "नुसतं सांगायचं नाही. दाखवायचं."

हे तिचं हमेशाचं बोलणं. माहा मालक, माह्या लेकीचा, सिंधूचा बाप म्हणायचा आज पाऊस पडंल, तर ही म्हणायची, "पुरावा दाखवा बाबा." मी आत गेले आन् दोरी आणली. टिकली व्याली की मी तिच्या लोकरीची गाठ दोरीला मारायची, जितकी कोकरं तितक्या गाठी. माह्या मायची सवय. सगळ्या गाठी जोडीजोडीनं. मॅडमनं त्या एकेक करून बोटानं चाचपल्या. म्हणली, "मावशी, ही तर तुमची वही." आन् तळहातावर काहीतरी लिहिलं.

तवापासून महिन्याला एक फेरी ठरलेली. नुसती मेंढीसाठी यायची तर ठीक. पण तिला बेडूक पायजे, तळ्यातली मासळी पायजे, कोंबडी पायजे, पारवा पायजे. सिंधूचा बाप म्हणायचा, "ही बाई परभणीहून आली बेडकं धरायला. तिकडं गटारं न्हाईत व्हय?" पण पारवा त्यांनीच धरून दिला, देवळाच्या मागून.

एक दिवस मी इचारलंच. "मॅडम, मासळीचं आन् मेंढीचं काय नातं? कामून गोळा करायलाव?"

ती चुलीपुढं फतकल मारून बसली. पाच खडे मांडले. मासळी, बेडूक, पारवा, मेंढी. शेवटचा खडा उचलला आन् म्हणली, "ही तुम्ही."

"मी मेंढीच्या शेजारी?"

"अगदी खेटून."

मग सांगू लाली. रगतातून चाव्या फिरतात म्हणली. माज यायची चावी, दुधाची चावी. तिचं कुलूप जिथं असंल तिथंच ती लागती, बाकी ठिकाणाहून गुमान पुढं जाती. आन् ते कुलूप कसं घडवायचं त्याचा कागद हरेक जीवाच्या अंगात असतो. मायबापाकडून लेकराला, नकलून नकलून. लाखो पिढ्या. नकलताना चुका व्हतात. एखादं अक्षर इकडचं तिकडं. कधी अख्खा कागदच दोनदा उतरला जातो. मग एक कागद जुनं काम करत राहतो आन् दुसरा मोकळा असतो, तो हळूहळू नवंच काही शिकतो.

मी म्हणलं, "म्हणजे दोन लेकं असली की एक मेंढरामागं जातो आन् एक शाळंत, तसं."

मॅडमनं पेनाचं टोपण दातात धरलं. "थांबा थांबा. पुन्हा सांगा." लिहून घेतलं.

मग दुधाचं सांगितलं. एकच चावी, पण मासळीच्या अंगात ती मिठापाण्याचं दार सांभाळती, पारव्याच्या गळ्यात पिलासाठी दुधासारखं पाझरवती, आन् मेंढीच्या आन् बाईच्या अंगात खरं दूध उतरवती. सिंधूचा बाप दाराशी घोंगडी झटकत व्हता. "पारव्याला दूध? मग मेंढरं इकून पारवेच पाळावं म्हणतो."

"पाळा बाबा. पण धार काढायला मला बोलवू नका."

"आन् टिकलीचं काय?" मी इचारलं.

"टिकलीच्या एका कुलपात एक अक्षर चुकलंय, असं मला वाटतं. त्या चुकीमुळं दोन कोकरं."

सिंधूच्या बापाला राग आला. "आमच्या मेंढीत चूक?"

"चूकच, बाबा. पण बघा, माशापासून आपल्यापर्यंत सगळे आपण अशाच चुकांचे बनलोय."

मला त्या रातीला झोप येईना. पुढच्या फेरीला ती आली तवा इचारलं, "मॅडम, आधी कुलूप का आधी चावी?"

ती मग म्हणली, "मावशी, काही चाव्या घरात आधीपासून पडून होत्या. बिनकामाच्या. कुलूप मागून झालं, आणि मग त्यांना काम लागलं. आम्हाला असंच दिसतंय. हे कळायला शिकलेल्या लोकांचे जन्म गेले, आणि तुम्ही चुलीपुढं बसून विचारता." त्या दिवशी तिनं उजव्या तळहातावर बी लिहिलं.

मला कधी कुणी हुशार म्हणलं नव्हतं. दुसरी पस्तोर शाळा, मग मेंढरं. तिनं म्हणलं. ते मी धरून बसले, खोटं कामून बोलू.

एकदा आमी दोघीच बाभळीखाली बसलो व्हतो. ती टिकलीच्या पाठीत बोटं घालून बसली व्हती. म्हणली, "मावशी, तुम्हाला किती झाली?"

"सहा झाली. तीन मातीत गेली. एक तर मेंढरामागं चालतानाच झालं, उसाच्या फडाच्या कडंला. विळ्यानं नाळ तोडली, पदरात बांधलं आन् सांजच्याला पुन्हा चालू लाले. मेंढरं थांबत न्हाईत."

"ते जगलं?"

"सिंधूच ती."

मग ती खाली बघत म्हणली, "मला सात वर्षं सुया दिल्या. चाव्याच चाव्या. माझं कुलूपच उघडलं नाही."

"मालक काय म्हणतात?"

"काहीच म्हणत नाहीत. तेच जड जातं."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तवापासून ती मला पाव्हणी वाटली न्हाई. लेकीचं वाटावं तसं वाटायचं. सिंधू चिडवायची, "माय, परभणीची लेक आली ग तुही. कर आता लसणाची चटणी."

त्या वर्षीच्या हिवाळ्यात टिकली अडली. पयलं कोकरू सुटलं, दुसरं आडवं. मॅडम त्या दिवशी योगायोगानं आलेली. बांगड्या काढून माह्या हातात दिल्या, कोपरापस्तोर हात धुतला आन् टिकलीमागं बसली. लय येळ लागला. टिकलीशी बोलत व्हती, "थोडं ग बाई, थोडंच राहिलं." कोकरू काढलं तवा ते श्वास घेईना. तिनं त्याच्या नाकातलं पाणी तोंडानं ओढून थुंकून टाकलं. आमच्यातल्या म्हाताऱ्या बाया करतात तसं. कोकरू शिंकलं. मॅडम आपल्या ओढणीनं त्याला पुसत बसली, रडत बी व्हती आन् हसत बी व्हती.

दोन्ही नर. टिकलीचं हेच दुखणं. दोन दोन द्यायची, पण सगळे नर. मादी एकदाच झाली, ती लांडग्यानं नेली. टिकलीच्या मायची दुसरी लेक बी उरली नव्हती. कुळात एकटी टिकली राहिली व्हती, आन् सिंधूचं लग्न उन्हाळ्यात ठरलं व्हतं.

कानाचं आता सांगते, न्हाई तर पुढचं कळणार न्हाई.

आमच्या मेंढराच्या कानाला खूण असती. हरेक घराची येगळी. आमची डाव्या कानाला दोन चिरा आन् टोक उडवलेलं. एखाद्याची मेंढी दुसऱ्याच्या राखणीत असली आन् तिथं मेली, तर राखणारा तिचा कान कापून धन्याला आणून देतो. इकली न्हाई, खाल्ली न्हाई, मेली, असा त्याचा अर्थ. धन्यानं कान घ्यायचा, आणणाऱ्याला पाणी द्यायचं आन् वाडग्याच्या तोंडाशी पुरायचा. मग पुढं इचारायचं न्हाई. आन् धन्याचा इश्वास नसला तर कान परत करायचा. पण कान परत केलेला मी उभ्या जन्मात बघितला नव्हता. कान परत करणं म्हणजे तोंडावर बेइमान म्हणणं.

हे मॅडमला मीच सांगितलं. तिला इतकं आवडलं की टाळीच वाजवली. "मावशी, आमचं विज्ञान म्हणजे तरी काय? कान आणून दाखव!"

मग माघात ती आली आन् चहा झाल्यावर म्हणली, "टिकलीला दोन महिने कॉलेजात न्यायचंय. आमच्या मेंढ्यांसोबत ठेवून बघायचंय. तिची सोनोग्राफी करू, रक्त बघू, माज कसा येतो ते बघू."

सिंधूचा बाप म्हणला, "न्हाई. जुळ्याचं कूळ उंबऱ्याबाहेर जात न्हाई."

मॅडम उठली, वाडग्यात गेली, देवापुढचा भंडार चिमटीत घेतला, टिकलीच्या कपाळाला लावला आन् आपल्या कपाळाला लावला. "बाबा, लग्नाच्या आधी टिकली आहे तशी परत आणते. माझा शब्द."

भंडार उचलला म्हणल्यावर आमच्यात पुढं बोलायचं राहत न्हाई. सिंधूचा बाप माह्याकडं बघू लाला. मी म्हणलं, "नेऊ द्या." हे मी म्हणलं. त्यांनी न्हाई.

टिकली जीपमध्ये चढंना. मॅडमनं कडंवर घेतल्यासारखी उचलली, पुढच्या सीटवर बसली आन् तिला मांडीशी धरली. वळणापस्तोर मॅडमचा हात बाहेर हालत व्हता. तिची ती रीतच. माणूस दिसंनासं व्हईपस्तोर हात हलवायची.

फोनवर बोलायची मधून मधून. "टिकली मजेत आहे. हिरवी मका खाते." मी म्हणायची, "जास्ती घालू नका, हागवण लागंल." मग फोन कमी झाला. मग मीच करायची, तर उचलंना.

चैत्रात आली. एकटीच आली. जीप लांब थांबवली. हातात बरफाचा डबा व्हता, तिच्याकडं हमेशा असायचा तो. चप्पल काढली. डब्यातून पांढऱ्या फडक्यातली पुरचुंडी काढली आन् दोन्ही हातांनी माह्यापुढं धरली.

"मावशी, तिला ताप आला. तीन दिवस सलाईन लावलं. पोट फुगलं. नाही वाचली."

मी फडकं सोडलं. डावा कान. दोन चिरा, टोक उडवलेलं. माह्याच हातच्या.

आता जे मेंढरात जलमलं त्याला हे सांगावं लागत न्हाई. तापानं मेलेल्या जनावराचं रगत अंगातच राहतं. त्याचा कान काळानिळा पडतो, शिरा जांभळ्या दिसतात, कापलेल्या जागी काळं गोठलेलं असतं. आन् गळा कापून रगत जाऊ दिलेल्या जनावराचा कान पांढराफेक. धुतलेल्या कपड्यागत. बरफात ठेवला म्हणून त्यात फरक पडत न्हाई. दसऱ्याला किती कान मी माह्या हातानं उचललेत.

टिकलीचा कान पांढरा व्हता.

एवढं शिकलेली. मासळीपासून माणसापस्तोर सगळ्याच्या आतलं वाचणारी. तिला कान वाचता येत न्हाई हे मला त्या दिवशी कळलं. रीत मी शिकवली व्हती, पण कान कसा बघायचा हे शिकवायचं राहिलं व्हतं.

सिंधूच्या बापानं लांबून इचारलं, "काय झालं ग?"

मी म्हणलं, "मेली."

"बरं," म्हणले आन् पागोटं काढून मांडीवर ठेवलं. 

मी मॅडमला पाणी दिलं. चहा इचारला. ती पेली बी.  त्या दिवशी तळहात कोरा व्हता. निघताना म्हणली, "मावशी, काही बोला ना."

"काय बोलू? कान आणलाव. गोष्ट मिटली."

पण कान मी पुरला न्हाई. सिंधूच्या बापाला वाटलं पुरला. मी मीठ-हळद लावून सुकवला आन् भंडाराच्या पिशवीत ठेवला. सिंधू सासरी गेली तवा तिच्या संगं दुसरी मेंढी दिली, साधी, एक कोकराची. सिंधूनं ती संगं घेतली. पण गाडीत बसताना माह्याकडून ती दोरी मागून घेतली, गाठीची. मेंढी न्हाई तर न्हाई, दोरी तरी, म्हणली. मला तवा लय लागलं.

दोन वर्षं गेली. मॅडम पुन्हा आली न्हाई. सिंधूचा बाप वारला. त्यांना मी शेवटपस्तोर सांगितलं न्हाई. नेऊ द्या म्हणणारी मीच व्हते, म्हातारपणी त्यांच्या डोक्याला कामून घोर लावू. ते गेल्यावर मात्र मला त्या कानाचं ओझं व्हायला लागलं. एक दिवस सकाळच्या गाडीनं परभणीला गेले.

कॉलेजात इचारत इचारत तिच्या खोलीपस्तोर पोचले. पांढरा डगला घातलेली एक पोरगी व्हती. "मॅडम क्लासवर आहेत आजी, बसा." लय चांगली पोरगी. पाणी दिलं. भिंतीवर हे एवढं झाड काढलेलं व्हतं. बुडाशी मासळी, मग बेडूक, एका फांदीला पारवा, एकीला मेंढी, एकीला बाई. माह्या चुलीपुढचे पाच खडे. मी फांदीजवळ गेले. मेंढीशेजारी एक बारका फोटो चिकटवला व्हता. कपाळावर ठिपका.

"ही कोण ग माय?"

"ही नंबर सात," पोरगी खुशीत म्हणली. "हिच्यावरच तर सगळं काम उभं राहिलं. हिच्या अंडाशयातलं ते कुलूप... तुम्हाला सोपं करून सांगू का?"

"कुलूप मला ठावं हाय. ही मेली कशी?"

"मेली नाही आजी. घ्यावी लागली. ऐन माजाच्या दिवशी आतलं काढून बघावं लागतं, नाहीतर काही दिसत नाही. मॅडमनी स्वतः घेतली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही."

ज्या हातानं कोकरू ओढून काढलं, त्याच हातानं. मी बसून राहिले.

मॅडम आली. केस पांढरे झाले व्हते. मला बघून दारातच थांबली. पोरीला म्हणली, "तू जा ग जरा."

मी पिशवीतून कान काढला आन् तिच्या टेबलावर ठेवला. सुकून चामड्यासारखा झाला व्हता, पण दोन चिरा आन् उडवलेलं टोक दिसत व्हतं. कान परत केल्याचा अर्थ तिला सांगावा लागला न्हाई. ती रीत तिला पाठ व्हती.

"कधी कळलं?"

"तुमी पुरचुंडी सोडायला दिली तवाच."

ती खुर्चीत बसली. "एकदा वाटलं, विचारावं तुम्हाला. फोन हातात घेतला होता. मावशी, खरं सांगा. विचारलं असतं तर दिली असती?"

"न्हाई."

"मग?"

"मग काय. न्हाई ऐकायचं आन् घरी जायचं. लोक तसंच करतात."

"तिच्यामुळं उद्या कितीतरी..."

"असंल. लोकाचं भलं व्हईल. ते मी नाकारत न्हाई. पण भंडार तुमी लावलता. आन् माह्या रितीनं मला खोटं बोललाव. ताप आला म्हणून नुसता फोन केला असता, तर मी मान डोलवली असती. कान कामून आणलाव?"

तिनं कानाच्या चिरा बोटानं चाचपल्या. मग बारीक आवाजात म्हणली, "मला वाटलं, तुम्ही पुराल. तिचं काहीतरी तुमच्या मातीत जाईल."

हे खरं असंल. मला तिचं तोंड खरंच वाटलं. पण मी पिशवीची दोरी ओढून बांधली आन् उठले. तिनं जेवून जा म्हणलं न्हाई. म्हणली असती तरी मी थांबले नसते, हे तिला ठावं व्हतं.

फाटकाबाहेर ऑटोत बसल्यावर मागं बघितलं. ती पायऱ्या उतरून फाटकापस्तोर आली व्हती, पायात चप्पल न्हाई. हात हलवायला म्हणून उचलला आन् तसाच धरला. ज्या तळहातावर ती हमेशा लिहायची, त्या तळहातावर टिकलीचा कान व्हता. ऑटो वळंपस्तोर ती तशीच उभी.

घराकडच्या, गंगाखेडच्या गाडीला गर्दी नव्हती. खिडकीशी जागा मिळाली.